खाडा आणि रजा : नागपूरच्या विडी कामगारांचा एक दावा



१९५५ सालच्या डिसेंबर महिन्यातली ही गोष्ट आहे. नागपुरातल्या एका विडी कारखान्यातल्या तिघा कामगारांनी पंधरा दिवसांची रजा मागितली आणि १८ डिसेंबरपासून १ जानेवारीपर्यंत ते कामावर गेले नाहीत. त्या पंधरा दिवसांची मजुरी त्यांना हवी होती. व्यवस्थापकाने ती दिली नाही. गोष्ट एवढीच. रक्कम म्हणाल तर एखाद्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरी बैलांच्या पेंडीला जाईल एवढी. पण हे प्रकरण नागपूरच्या दिवाणी न्यायाधीशांपासून निघाले, ते उच्च न्यायालयातून थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पोहोचले आणि त्याला पाच वर्षे लागली.

व्यवस्थापकाचे म्हणणे ऐकले तर ते कोणालाही पटण्यासारखे होते. तो म्हणत होता, ही माणसे काही माझी बांधलेली नोकर नाहीत. वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा उठून जातात. जेवढ्या विड्या वळतील तेवढ्यांचे पैसे घेतात. ज्याला रोजच मोकळीक आहे त्याला आणखी रजा कशाला? आणि द्यायचीच म्हटली तर तिचा हिशेब कसा करायचा? रोज आठ तास राबणारा आणि रोज तीन तास येऊन जाणारा यांना एकाच मापाने मोजायचे काय?

आज जिला आपण अर्धवेळ नोकरी म्हणतो, तिच्या भरपगारी रजेचा हा प्रश्न आहे. आपल्या नागपुरात तो सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या माणसांनी विचारला, म्हणून त्याची हकिगत आज सांगतो.

आधी शब्दांचा उलगडा करून घेऊ. कामावर न जाण्याला आपल्या बोलीत तीन शब्द आहेत आणि तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. पहिला शब्द खाडा. खाडा म्हणजे माणूस आला नाही, रोज बुडाला, हिशेब मिटला. दुसरा सुट्टी. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांचेच काम बंद असते. तिसरा रजा. रजा मागावी लागते, आणि ती मिळाली की माणूस घरी असला तरी नोकरीवरच आहे असे धरले जाते. खेड्यातल्या मंडळींना खाडा वेगळा सांगायला नको. आपल्याकडे गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते. किती रुपये, किती ज्वारी, चपला, घोंगडी, सगळे बोलून घेतात. खाडे किती माफ आणि त्यावरचे किती कापायचे, हेही ठरते. सालगडी तापाने फणफणला तरी त्या दिवशी मालकाच्या वहीत रेघ पडतेच. ही रेघ म्हणजे खाडा. आपल्या तिघा विडी कामगारांचे भांडण अशा रेघेवरूनच होते. आमच्या पंधरा दिवसांवर रेघ ओढू नका, त्यांना रजा म्हणा, एवढेच त्यांचे मागणे होते.

सुट्टीदेखील आपल्या कामगाराला सहज मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. सणावाराला किंवा यंत्र पुसायला गिरणी थांबली तर थांबली. जोतीराव फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवल्या, हजारो सह्यांचा अर्ज केला आणि रविवारची सुट्टी मागितली. १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांच्या संघाने ती मान्य केली आणि १८९१ च्या कारखाने कायद्यात आठवड्याच्या सुट्टीचे कलम आले. गुरुजी मंडळी रविवारी शाळा बंद ठेवतात तेव्हा यातले काही त्यांच्या मनात येत असेल-नसेल. पण एक ध्यानात घ्यावे, लोखंड्यांच्या त्या रविवाराला पगार नव्हता. रोजावर काम करणाऱ्याला त्या दिवशी काम नाही आणि दामही नाही. सुट्टी मिळाली ती अंगाला. पोटाला मिळायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

१९३६ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने जिनीव्हाला एक करार मंजूर केला. वर्षभर नोकरी झालेल्या माणसाला निदान सहा कामाचे दिवस पगारासह रजा द्यावी, असे त्यात होते. त्याच वर्षी फ्रान्समध्ये कामगारांना पंधरवड्याची भरपगारी रजा मिळाली. आपल्याकडे तशी तरतूद १९४५ साली झाली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. त्यांच्या कारकिर्दीत कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. बाराही महिने चालणाऱ्या कारखान्यात ज्याची सलग बारा महिने नोकरी झाली त्याला दहा दिवस आणि बालकामगाराला चौदा दिवस रजा ठरली. १९४८ च्या नव्या कारखाने कायद्याने हिशेब बदलला. काम केलेल्या दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा, असे झाले. मग १९५४ साली आणखी एक दुरुस्ती आली. सलग बारा महिन्यांची अट गेली आणि तिच्या जागी वर्षातून २४० दिवस काम केलेले असावे, ही अट आली.

ही दुरुस्ती कोरडी वाटेल, पण ज्याचे काम तुटक तुटक असते त्याच्या दृष्टीने ती फार मोठी होती. 'सलग' हा शब्द कायमच्या माणसाला सोपा आहे. गिरणीच्या दारात सकाळी उभा राहून आज बदली मिळते का पाहणाऱ्याला, किंवा पेरणीच्या दिवसांत घरी जाऊन परत येणाऱ्याला तो शब्द म्हणजे भिंतच. २४० दिवस मोजायचे ठरल्यावर भिंतीला दार पडले. उंबरठा उंच होता खरा, पण दार होते.

आता नागपूरकडे येऊ. नागपूरचा कामगार म्हटले की जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर एम्प्रेस मिल येते. जमशेटजी टाटांनी ती १८७७ च्या पहिल्या जानेवारीला सुरू केली. भोंगा, दरवाजा, हजेरी, पाळी, सगळे घड्याळावर. अशा माणसाच्या रजेचा हिशेब करायला अडचण नव्हती. पण याच शहरात, शेजारच्या कामठीत आणि पुढे भंडारा-गोंदियापर्यंत दुसराही एक मोठा उद्योग होता. त्याला भोंगा नव्हता आणि पुष्कळदा दरवाजाही नव्हता. तो विडीचा.

विडी आपल्याकडे का वाढली, याचे कारण जंगलात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत टेंभुर्णीची झाडे मुबलक. तिची पाने म्हणजे तेंदूपत्ता. उन्हाळ्यात पाने तोडायची, पुडे बांधून वाळवायचे आणि मग कारखान्याच्या कोठारात भरायचे. कामगार पान भिजवतो, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने बेतून घेतो, चिमूटभर तंबाखू पसरून वळतो, धागा बांधतो आणि तोंड मुडपतो. पंचवीस विड्यांचा कट्टा होतो. मजुरी हजारी ठरलेली, म्हणजे एक हजार विड्यांना इतके. यात एक मेख आहे. मुनीम विड्या तपासतो आणि बारीक, ढिली, फाटक्या पानाची विडी बाजूला काढतो. तिला छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत. हा सारा उद्योग सुपाएवढ्या जागेत होतो, म्हणून तो घराघरांत शिरला. बाया स्वयंपाक आटोपून सूप घेऊन बसतात. मधे सट्टेदार. तो कारखान्यातून पाने-तंबाखू आणतो, घरोघर वाटतो आणि विड्या गोळा करून पोचवतो. या बाईचा मालक कोण, असे विचारले तर कारखानदार सट्टेदाराकडे बोट दाखवणार आणि सट्टेदार कारखानदाराकडे.

या लोकांची दाद लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी केला. आज त्यांचे नाव 'जय भीम' या अभिवादनाशी जोडलेले आहे. पण त्यांनी विडी कामगारांची संघटना बांधली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९३७ च्या निवडणुकीत ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांताच्या कायदेमंडळात गेले आणि १९३९ च्या जानेवारीत, ऐन पस्तिशीत, वारले. आयुष्य मिळाले असते तर विडी कामगारांचा कायदा आणखी लवकर झाला असता, असे मला वाटते. असो.

विडीचे काम अर्धवेळ असते, हे सरकारलाही कळत होते, पण भलत्याच बाजूने. १९४८ साली मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने, म्हणजे नागपूरच्याच कायदेमंडळाने, एक कायदा केला. शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत कोणी विड्या वळायच्याच नाहीत. मजूर शेतीला मिळावेत हा हेतू. सागर जिल्ह्यात तो लागू झाला तेव्हा तिथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५० च्या नोव्हेंबरात न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. म्हातारी, आजारी, शेतात जाऊ न शकणारी माणसेही त्यात सापडत होती, आणि इतका सरसकट मज्जाव वाजवी नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. शेतीचा मजूर आणि विडीचा मजूर हा पुष्कळदा एकच माणूस असतो, ही गोष्ट त्यावरून कागदावर आली. त्या माणसाच्या रजेचे मात्र तोवर कोणी नाव काढले नव्हते.

ते काढले आपल्या तिघांनी.

त्यांचा अर्ज वेतन अदायगी कायद्याखाली होता. मजुरी अडवून ठेवली तर ज्या अधिकाऱ्याकडे जायचे, ते काम नागपुरात पहिल्या दिवाणी न्यायाधीशांकडे होते. त्यांनी कामगारांच्या बाजूने निकाल दिला. व्यवस्थापक उच्च न्यायालयात गेला. तिथेही त्याच्या हाती काही लागले नाही. मग तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ डिसेंबर १९६० रोजी तिथला निकाल लागला. न्यायमूर्ती वांछू यांनी तो लिहिला.

न्यायालयापुढे दोन प्रश्न होते. पहिला, ही माणसे कारखाने कायद्याच्या अर्थाने कामगार आहेत की स्वतंत्र धंदा करणारी? दुसरा, कामगार असलीच तर तुकड्यावर मजुरी घेणाऱ्याला रजा लागू होते का?

पहिल्या प्रश्नासाठी न्यायालयाने कारखान्याची रीत बारकाईने पाहिली. ती ऐकण्यासारखी आहे. काम कारखान्यातच करायचे, घरी न्यायला परवानगी नाही. हजेरी मांडली जाते. कारखान्याची वेळ ठरलेली आहे. त्या वेळेत कामगार केव्हाही येऊ शकतो, केव्हाही जाऊ शकतो. इथवर व्यवस्थापकाचे म्हणणे बरोबर होते. पण दुपार उलटल्यावर जो येईल त्याला काम देत नाहीत. संध्याकाळी सातनंतर कोणाला बसू देत नाहीत. आठ दिवस न सांगता गैरहजर राहिला तर त्याला कमी करता येते. आणि विडी पसंत पडली नाही तर ती नाकारण्याचा हक्क कारखान्याचा.

मला या यादीत दुपारची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. वाटेल तेव्हा या म्हणायचे आणि बारानंतर आला तर परत पाठवायचे. मोकळीक होती, पण तिला कुंपण होते आणि कुंपण मालकाने घातलेले होते. स्वतंत्र धंदेवाल्याला असे कोणी परत पाठवत नाही. न्यायालयाने म्हटले की हे कामगारच आहेत. कामावर किती आणि कसा ताबा ठेवायचा हे कामाच्या जातीवर अवलंबून असते. विडी वळण्यासारख्या साध्या कामात कोणी दिवसभर डोक्याशी उभे राहून देखरेख करण्याची गरजच नसते. दिवसाअखेर विडी तपासून नाकारता येते, तेवढी देखरेख पुरे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर खाडा आणि रजा यांतला फरकच सांगते. मालक म्हणत होता, यांना हवे तेव्हा गैरहजर राहता येते, मग रजा कसली? न्यायालयाने सांगितले की कायद्यातली रजा हा हक्क आहे आणि तो ठरावीक दिवस काम केल्याने उत्पन्न होतो. माणूस एरवी गैरहजर राहू शकतो म्हणून तो हक्क नाहीसा होत नाही. आपल्या बोलीत सांगायचे तर, खाडा करायची मुभा म्हणजे रजा नव्हे. खाड्याचे पैसे माणूस स्वतःच्या खिशातून भरतो. रजा त्याने आधीच काम करून कमावलेली असते.

आता तो हिशेब पाहू. गुरुजींनी फळ्यावर मांडावा इतका तो सोपा आहे. कायद्याच्या एका कलमात दिवस मोजायचे आहेत आणि पुढच्या कलमात पैसे. दिवस मोजताना तास विचारायचे नाहीत. हजेरीपटावर वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांना एक याप्रमाणे १२ दिवस रजा. २५० दिवस भरले तर भागाकार साडेबारा येतो. अर्धा किंवा त्याहून जास्त अपूर्णांक असेल तर पूर्ण दिवस धरायचा, म्हणून १३. अर्ध्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा. आणि २३९ भरले तर काहीच नाही. कायद्याला एका दिवसाची दया येत नाही.

मग पैसे. रजेवर जाण्यापूर्वीच्या महिन्यात जेवढे दिवस काम केले तेवढ्या दिवसांच्या मिळकतीची रोजची सरासरी काढायची. जादा कामाचे पैसे आणि बोनस वगळायचा, महागाईभत्ता धरायचा. मानू या की एका कामगाराने २४ दिवसांत ३६ रुपये मिळवले. रोज पडला दीड रुपया. बारा दिवसांच्या रजेचे झाले १८ रुपये. त्याच्या शेजारी बसणारा रोज दुपारीच उठून जातो, त्याने २४ दिवसांत १८ रुपये मिळवले. त्याचा रोज पडला बारा आणे, आणि बारा दिवसांचे ९ रुपये. दोघांचे रजेचे दिवस सारखे, पैसे मात्र कामाच्या मानाने. कोणावर अन्याय नाही. व्यवस्थापकाने विचारले होते ना, की आठ तासवाला आणि तीन तासवाला यांना एकाच मापाने कसे मोजायचे? माप एक नाहीच. दोन आहेत.

पण त्या दुसऱ्या कलमात एक शब्द दडून बसला होता. रोजची सरासरी काढायची ती 'पूर्णवेळ मिळकतीची', असे कायद्यात लिहिलेले होते. नागपूरच्या प्रकरणात या शब्दाने त्रास दिला नाही. तो दिला सिन्नरला.

नाशिक जिल्ह्यातले सिन्नर हेही विडीचे गाव. तिथल्या एका कारखान्याच्या व्यवस्थापकावर सरकारनेच खटला भरला होता. एका कामगाराला चार दिवसांच्या रजेची मजुरी दिली नाही, हा आरोप. हेही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नागपूरच्या निकालानंतर वर्षभराच्या आतच, १९६१ साली, तिथे निकाल उलटा लागला. तिथली रीत आणखी सैल होती. यायची वेळ नाही, जायची वेळ नाही, दुपारचे कुंपण नाही. दहा दिवसांहून जास्त यायचे नसेल तर कळवावे, तेही रजा म्हणून नव्हे, तर काम सोडलेले नाही हे समजावे म्हणून. बहुमताने न्यायालयाने म्हटले की हा माणूस कायद्याच्या अर्थाने कामगार नाही. आणि पुढे असेही म्हटले की कामगार मानला तरी त्याच्या रजेची मजुरी काढता येणार नाही. कारण ज्याला किती वेळ बसायचे याचे बंधनच नाही, त्याची पूर्णवेळ मिळकत कोणती? पूर्ण वेळ किती हेच ठरलेले नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. त्यांच्या मते तो कामगार होता.

बघा कशी गंमत आहे. गंमत म्हणायची, पण त्या सिन्नरच्या माणसाला ती गंमत वाटली नसेल. दोन्हीकडे तेच सूप, तेच पान, तीच हजारी. नागपूरच्या मालकाने थोडी शिस्त ठेवली म्हणून त्याच्या कामगाराला रजा मिळाली. सिन्नरला कमी शिस्त ठेवली म्हणून मालक सुटला. उद्या कोणी हिशेबी मालक म्हणाला असता की काढून टाका ती हजेरीवही, दुपारचा नियम नको, म्हणजे रजेचीही कटकट नको, तर त्याला अडवणार कोण? आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचे तर नावच नको. तिला दार नाही, हजेरी नाही, सात वाजलेले सांगणारे कोणी नाही. सिन्नरच्या न्यायाने तिची रजा कधीच मोजता आली नसती.

हे कोडे न्यायालयातून सुटणारे नव्हते. ते सोडवायचे तर कायदाच दुसरा हवा होता. १९६६ च्या अखेरीस संसदेने विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा केला. घरी काम करणारा माणूसही त्यात कामगार म्हणून धरला. दर वीस दिवसांच्या कामाला एक दिवस भरपगारी रजा हे मापही त्यात आले. मजुरी काढायची रीत जुनीच ठेवली, म्हणजे मागच्या महिन्याची सरासरी. 'पूर्णवेळ मिळकत' हे शब्दही ठेवले. मग सिन्नरची अडचण गेली कशी? त्या कलमाखाली एक खुलासा जोडला. घरी काम करणाऱ्याच्या बाबतीत 'दिवस' म्हणजे काय, तर मध्यरात्रीपासून पुढच्या चोवीस तासांत विड्या वळण्यात गेलेला कोणताही काळ.

कायद्याच्या पुस्तकात माझ्या आवडीची जी थोडी वाक्ये आहेत त्यांत हे एक आहे. पहाटे चूल पेटण्यापूर्वी वळलेल्या शंभर विड्या, दुपारी पोर झोपल्यावर वळलेल्या दोनशे आणि रात्री दिव्याजवळ वळलेल्या आणखी शंभर, हे सारे मिळून एक दिवस. किंवा त्यातल्या नुसत्या पहाटेच्या शंभर, तोही एक दिवस. घड्याळ मालकाच्या दारावरून काढले आणि त्या बाईच्या घरात आणून टांगले, तेही असे की त्याला सकाळ-संध्याकाळ नाही, फक्त मध्यरात्र आहे.

विडी कारखानदारांनी या कायद्यालाही आव्हान दिले. रजेची कलमे घरच्या कामाला लागूच पडत नाहीत, हिशेब जमत नाही, हा त्यांचा एक मुद्दा होता. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला.

कोणाला वाटेल, हा आपल्या गरीब देशातलाच पेच असेल. तसे नाही. विलायतेत प्रत्येक नोकराला वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजा आहे. आठवड्यातून पाच दिवस काम करणाऱ्याला ५.६ गुणिले ५, म्हणजे २८ दिवस. तीन दिवस करणाऱ्याला ५.६ गुणिले ३, म्हणजे १६.८ दिवस. इथवर सरळ आहे. पण बेडफर्डच्या एका शाळेत एक संगीतशिक्षिका होती. तिचे काम शाळा चालू असेल तेवढ्याच आठवड्यांत, तेही तासांवर. शाळा तिला कामाच्या तासांच्या १२.०७ टक्के रजा धरत असे. हा आकडा येतो असा : वर्षाच्या ५२ आठवड्यांतून ५.६ वजा केले की उरतात ४६.४, आणि ५.६ भागिले ४६.४. शिक्षिकेचे म्हणणे होते की कायद्यात ५.६ आठवडे लिहिले आहेत, टक्के लिहिलेले नाहीत. २०२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिचे म्हणणे मानले. मग तिथल्या सरकारने नियम बदलले आणि १ एप्रिल २०२४ पासून सुरू होणाऱ्या रजावर्षांसाठी अनियमित तासांच्या व वर्षातले काही महिनेच काम करणाऱ्या लोकांना तोच १२.०७ टक्क्यांचा हिशेब लावला. म्हणजे तिथे तास मोजू लागले. आपल्या विडीच्या कायद्याने दिवस मोजला होता आणि दिवसातले तास विचारले नव्हते. दोहोंत मला आपली रीत अधिक माणुसकीची वाटते. पण तिच्यात रजेची मजुरी मिळकतीच्या सरासरीवर असल्याने छाट जास्त निघाली की रजाही स्वस्त होते, हेही विसरून चालणार नाही.

आता अलीकडचे सांगतो. १९४८ चा कारखाने कायदा आणि १९६६ चा विडी कामगारांचा कायदा हे दोन्ही, इतर कायद्यांबरोबर, २०२० च्या एका संहितेत विलीन झाले. कामाच्या जागची सुरक्षितता, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांविषयीची ती संहिता आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. वीस दिवसांना एक हे माप तिने तसेच ठेवले आहे. उंबरठा मात्र खाली आणला. २४० दिवसांच्या जागी १८० दिवस.

गुरुजींनी मुलांना एक उदाहरण घालावे. एका माणसाने जानेवारी ते डिसेंबर अशा वर्षात २०० दिवस काम केले. उरलेले दिवस तो पेरणीला, निंदणाला आणि कापणीला घरी होता. जुन्या कारखाने कायद्याने त्याला किती रजा? नव्या संहितेने किती? पहिले उत्तर शून्य आहे. दुसरे, २०० भागिले २०, दहा दिवस. मुले हुशार असतील तर एखादा विचारील, की गुरुजी, ते २०० दिवस भरले हे लिहून कोणी ठेवले होते? तेव्हा त्याला नागपूरच्या त्या कारखान्यातल्या हजेरीवहीची गोष्ट सांगावी.